कुंपणावरची भाजी, रानातले औषध आणि हंड्यातले विष
(अभ्यासपाठ : आपल्या भागातील रानवनस्पतींची ओळख)

शास्त्रभाग : २ राजे ४:३८–४१; १ राजे ४:३३



पावसाळा सुरू झाला की आपल्या सेवाक्षेत्रातील घरांमध्ये एक अवघड काळ येतो. मागच्या हंगामाचे भात आषाढात संपत आलेले असते आणि नवे भात हाती यायला अश्विन उजाडतो. शेतावर लावणीचे काम असते, पण कणगीत धान्य नसते. या दोन-अडीच महिन्यांत वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, कोकणा अशा अनेक घरांतील चूल रानभाजीवर चालते. यंदाच्या अभ्यासासाठी म्हणूनच हा विषय घेतला आहे. महिला मंडळ, तरुण संघ आणि संडे स्कूलच्या मोठ्या वर्गांनी हा पाठ एकत्र वाचावा, अशी विनंती आहे.

१. अलीशाच्या हंड्यातली गोष्ट

गिलगाल येथे दुष्काळ पडला होता. संदेष्ट्यांचे शिष्य अलीशापुढे बसले होते. त्याने मोठा हंडा चढवून त्यांच्यासाठी कालवण करायला सांगितले. एक जण भाजी आणायला शेतात गेला. त्याला एक रानवेल दिसला. त्याने ओटीभर फळे तोडून आणली आणि चिरून हंड्यात टाकली. ती फळे कसली आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. पहिला घास तोंडात जाताच सगळे घाबरून ओरडले की या हंड्यातले अन्न जीव घेईल. अलीशाने पीठ मागवून हंड्यात टाकले आणि मग ते अन्न लोकांना खाता आले.

ती फळे कडू इंद्रावणाची असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंद्रावणाचा वेल कलिंगडाच्या कुळातला आहे. त्याचे फळ लहान कलिंगडासारखे दिसते, पण चवीला अतिशय कडू असते आणि पोटात गेल्यास जोराचे जुलाब होतात.

या भागावरील प्रवचनांत आपण बहुधा चमत्काराविषयी ऐकतो. आज भाजी आणायला गेलेल्या माणसाकडे पाहू. त्याचा हेतू वाईट नव्हता. तो कष्टाळू होता, भुकेल्या भावांसाठी उन्हात गेला आणि ओटीभर घेऊन आला. त्याच्याकडे एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे त्या वेलाची ओळख. गिलगालच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या म्हातारीला त्याने विचारले असते, तर तिने ते फळ हातात घेऊन लगेच फेकून दिले असते.

सेवेच्या कामात आपणही पुष्कळदा भरल्या ओटीने जातो. म्हणून या पाठाचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर असा : ज्यांची सेवा करायची त्यांच्याकडे आधी शिकायला बसावे, आणि रानाची ओळख हा त्यांच्याकडून शिकण्याचा सर्वांत चांगला धडा आहे.

२. ही ओळख नसल्याने मुले दगावली

हा विषय केवळ हौसेचा नाही, हे दोन घटनांवरून ध्यानात येईल.

उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात, बिजनौरच्या आसपास, दरवर्षी पावसाळा संपताना लहान मुले अचानक आजारी पडत. उलट्या होत, शुद्ध हरपे आणि काही दिवसांतच मूल दगावत असे. विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर समजून बराच काळ त्याच्यावर उपचार झाले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात विषाणुशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. टी. जेकब जॉन आणि बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ यांनी सहकाऱ्यांसह या आजाराचा मागोवा घेतला. त्यांनी घरांभोवती काय उगवते आणि मुले खेळताना काय खातात याची चौकशी केली. गावाच्या कडेला वाढणाऱ्या कासविंद्याच्या शेंगा आणि बिया मुलांनी खाल्ल्या होत्या. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर घाला घातला होता. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढे २०१६ मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी या आदिवासी जिल्ह्यात सुमारे शंभर मुले अशाच लक्षणांनी गेली. काही मुलांमध्ये जपानी मेंदूज्वर आढळला. परंतु बऱ्याच मुलांच्या बाबतीत डॉ. जॉन यांनी पुन्हा याच झुडपाकडे बोट दाखवले. तिकडे त्याला ‘बडा चाकुंडा’ म्हणतात. ‘चाकुंडा’ म्हणजे आपला टाकळा, जो पावसाळ्यात भाजी म्हणून खाल्ला जातो. दोन्ही झुडपे एकाच रस्त्याच्या कडेला उगवतात आणि दोघांनाही पिवळी फुले येतात.

आपल्या ठाणे, पालघर, रायगड, नाशिक, नंदुरबार या जिल्ह्यांतही टाकळा आणि कासविंदा शेजारी-शेजारी वाढतात. आजी दोन्ही ओळखते आणि आईलाही बहुधा ओळखता येतात. पण सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहिलेल्या मुलाला ते कोण सांगणार? शिक्षणासाठी आपण मुलांना घरापासून दूर आणतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच वेळी आजीची शाळा सुटते, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

३. ओळख कशी करावी?

नवीन माणसाला सगळे हिरवे एकसारखेच दिसते. म्हणून पुढील सहा गोष्टी क्रमाने पाहण्याची सवय लावावी.

पहिली, जागा : कुंपणाच्या कडेला, उघड्या माळावर, ओढ्याकाठी की गर्द झाडीच्या सावलीत?

दुसरी, वेळ : पहिल्या पावसाआधी, मृग नक्षत्रात, श्रावणात की दिवाळीच्या सुमारास?

तिसरी, पान : ते समोरासमोर येते की एकाआड एक? एकसंध आहे की अनेक लहान पानांचे मिळून बनले आहे? कड करवतीसारखी आहे का? टोक गोल आहे की अणकुचीदार?

चौथी, देठ मोडल्यावर काय होते : चीक येतो का? वास कसा आहे? हे करताना हात डोळ्यांना लावू नये.

पाचवी, फूल आणि फळ : ओळखीचा सर्वांत भक्कम पुरावा हाच असतो. फूल आलेले नसेल तर घाईने ठरवू नये.

सहावी, नाव : त्या गावात तिला काय म्हणतात ते विचारून लिहून ठेवावे. एकाच भाजीला फोडशी, कुलू, कुळी अशी वेगवेगळी नावे असतात, आणि कधी दोन निराळ्या झाडांचे नावही एकच असते. म्हणून वहीत गावाचे नाव आणि तारीख अवश्य घालावी.

नवख्याने चव घेऊन ओळख करू नये. पुस्तकातले चित्र किंवा मोबाईलवरचा फोटो जुळला म्हणून खाऊ नये. ती भाजी वर्षानुवर्षे शिजवणाऱ्या बाईने हातात घेऊन ‘हीच’ असे म्हटले पाहिजे.

टाकळा आणि कासविंदा यांचा फरक या पद्धतीने पाहू. टाकळ्याच्या एका देठावर बहुधा लहान पानांच्या तीन जोड्या असतात. पान टोकाकडे रुंद आणि गोलसर असते आणि रात्री मिटते. शेंग लांब, बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली असते. भाजी मृगात उगवलेल्या कोवळ्या पानांचीच करतात. कासविंद्याच्या देठावर चार ते सहा जोड्या असतात, पानाचे टोक अणकुचीदार असते आणि चुरगळल्यास उग्र घाण वास येतो. शेंग चपटी असून वाळल्यावर तिच्या कडा फिकट दिसतात. जोड्या मोजा आणि टोक पाहा, इतके संडे स्कूलमधल्या मुलाला दहा मिनिटांत शिकवता येते.

४. कुंपणावरचे रहिवासी

जुने कुंपण ही एक बागच असते. शेताची राखण, औषध, फळ, सरपण आणि पाखरांची घरटी हे सगळे एकाच ओळीत मिळते.

निर्गुडी : हिच्या एका देठावर तीन किंवा पाच पाने हाताच्या बोटांसारखी पसरलेली असतात. पानाची खालची बाजू पांढुरकी, फुले निळसर जांभळी. गुरे आणि शेळ्या ती खात नाहीत, म्हणून ती कुंपणाला उत्तम. दुखऱ्या सांध्यांना तिच्या पाल्याचा शेक देण्याची चाल घरोघर आहे.

अडुळसा : यालाही गुरे तोंड लावत नाहीत. फुले पांढरी, जबडा उघडल्यासारखी. खोकल्यावरील औषध म्हणून सर्वांना माहीत आहे.

करवंद : काटे दोन-दोन, पाने चिवट आणि समोरासमोर, मोडल्यावर पांढरा चीक. एप्रिल-मे महिन्यांत घाटात आणि एस.टी. स्थानकावर पानांच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या बाया आपण पाहतो. त्या द्रोणामागे पहाटेपासूनची पायपीट आणि काट्यांनी ओरबाडलेले हात असतात.

वाघाटी : वाकड्या काट्यांचा वेल. आषाढी द्वादशीला हिच्या फळांची भाजी करण्याची रीत महाराष्ट्रात आहे.

सागरगोटा : शेंगेवरही काटे. करड्या, गुळगुळीत, गोल बियांनी मुली सागरगोटे खेळतात.

करटोली : कुंपणावर चढणारा वेल. नर आणि मादी वेल वेगळे असतात. फळ फक्त मादी वेलाला लागते, पण जवळ नर वेल नसेल तर तेही लागत नाही. ‘याला फळ येत नाही, उपटून टाका’ असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. वेल जमिनीतल्या कंदातून दरवर्षी फुटतो, म्हणून कंदाला हात लावायचा नसतो.

याच कुंपणावर काही धोकेही असतात.

गुंज : लाल बी आणि त्यावर काळा ठिपका. सोनार पूर्वी वजनासाठी वापरीत. बी चावून किंवा कुटून पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकते. मुलांच्या खेळात आणि माळांत गुंजा नकोत.

मोगली एरंड : याच्या बियांची चव शेंगदाण्यासारखी लागते, त्यामुळे मुले त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. शाळेच्या आवाराचे कुंपण मोगली एरंडाचे असेल तर ते बदलण्याचा विचार व्हावा.

शेर : हिरव्या कांड्यांचे, जवळजवळ पाने नसलेले झुडूप. चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्याला मोठी इजा होते. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा.

कवंडळ : पावसाळ्यानंतर कुंपणावर लोंबणारी देखणी लाल फळे. ती खाण्याची नाहीत. अलीशाच्या हंड्याची आठवण ठेवून एक नियम पाठ करावा : भोपळा, काकडी, दोडका यांच्या जातीचे कोणतेही रानफळ कडू लागले तर लगेच थुंकून टाकावे. कारल्याचा कडवटपणा आपल्या ओळखीचा आहे, पण बाकीच्यांचा कडवटपणा हा इशारा समजावा.

५. रानातले वर्षाचे ताट

फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात आणि ती वेचून वाळवली जातात. पाठोपाठ कुड्याची फुले व कोवळ्या शेंगा येतात. बहाव्याच्या पिवळ्या फुलांचीही भाजी होते. वैशाखात करवंदे आणि जांभळे पिकतात.

पहिल्या सरींच्या आगेमागे जमिनीतून शेवळे वर येतात. पाने नाहीत, फक्त जांभळट आवरणातला एक कोंब. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती घशाला खाजरी असते, कारण तिच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर शिजवतात. कोणता भाग काढून टाकायचा, किती वेळ शिजवायचे आणि आंबट किती घालायचे हे ती करणाऱ्या बाईजवळ बसूनच शिकावे लागते. गंमत अशी की शेवळे आणि काकड एकाच सुमारास मिळतात आणि बाजारात एकाच टोपलीत असतात.

मग टाकळा, कुरडू, दिंडा, भारंगी आणि फोडशी. भारंगीची पाने करवती कडेची आणि कडसर असतात, म्हणून उकळून पाणी टाकून भाजी करतात. फोडशी गवतासारखी दिसते, पण तिचा जुडगा एकाच जागेतून निघतो आणि पांढरी नाजूक फुले येतात. श्रावणात चाईच्या वेलाचा मोहर, बांबूचे कोंब, शेताच्या बांधावर घोळ, माठ, आंबुशी आणि केना. पाऊस ओसरला की कंद खणले जातात.

कडू कंदाची कथा विशेष सांगण्यासारखी आहे. हृदयाच्या आकाराच्या पानांचा हा वेल असून पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखी फळे लागतात. कोकणात परसात लावलेल्या याच जातीच्या वेलाचे करांदे उकडून खातात. रानातला मात्र कडू आणि विषारी असतो. तरी तो टाकला जात नाही. पातळ काप करायचे, उकळायचे आणि वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा घालवायचा. कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय कित्येक पिढ्यांनी शोधलेली ही पद्धत आहे. आपण ‘मागास’ हा शब्द किती सहज वापरतो!

कंद खणणाऱ्याने कळलावी मात्र ओळखलीच पाहिजे. तिच्या पानाचे टोक लांब होऊन सुतासारखे गुंडाळते आणि शेजारच्या काटकीला धरते. फूल ज्वाळेसारखे पिवळे-तांबडे. संपूर्ण वनस्पती विषारी, कंद तर सर्वांत जास्त.

६. आपली झाडे आणि पाहुणी झाडे

सगळीच रानझाडे मूळची इथली नसतात. रस्त्याच्या कडेला माजलेली घाणेरी, रानमोडी आणि गाजर गवत ही अमेरिका खंडातून आली आहेत. फड्या निवडुंग आणि मोगली एरंडही तिकडचेच. शेर आफ्रिकेकडचा. मोगली एरंड हे नाव पाहा : हा आपला एरंड नव्हे, परका आहे, हे लोकांनी नावातच नोंदवून ठेवले आहे.

पाहुणे आले म्हणून बिघडत नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि पेरू हेही तिकडूनच आले. पण घाणेरी आणि रानमोडी जिथे पसरतात तिथे खाली दुसरे काही उगवू देत नाहीत. जिथे बाई चार पावलांत फोडशी खुडायची, तिथे आता तिला डोंगर चढावा लागतो. दुसरीकडे जिवंत कुंपणे जाऊन तारेची कुंपणे आली आणि बांधांवर तणनाशकाची फवारणी सुरू झाली. तारेवर करटोली लागत नाही आणि तण म्हणून जाळलेल्या बांधावर घोळ उगवत नाही.

७. मिशनचा वारसा

शलमोन राजा लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीत उगवणाऱ्या एजोबापर्यंत झाडांविषयी बोलत असे, असे शास्त्र सांगते. भिंतीच्या फटीतल्या रोपाकडेही शहाण्या राजाचे लक्ष होते. आपल्या मंडळीच्या इतिहासातही असे लोक होऊन गेले.

विल्यम कॅरी १७९३ मध्ये भारतात आले. त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी शब्दकोश छापला, हे आपल्याला ठाऊक असते. पण सेरामपूरला त्यांनी मोठी वनस्पतींची बागही राखली होती. डॉ. रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ संपादित करून छापण्याचे काम कॅरींनीच केले. रॉक्सबर्ग यांनी एका झाडाच्या प्रजातीला ‘कॅरेया’ असे नाव दिले. ते झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीतला कुंभा. थंडीत त्याची पाने तांबूस होऊन गळतात, उन्हाळ्यात पांढऱ्या-गुलाबी केसरांची मोठी फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली सडा पडतो. त्याच्या सालीचा दोर होतो. पुढच्या वेळी गावभेटीला जाल तेव्हा ‘कुंभा कुठे आहे?’ असे विचारा. लहान मूलही दाखवील.

स्पेनमधून आलेले येशूसंघी धर्मगुरू फादर हर्मनगिल्ड सांतापाव हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवीत. त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. फोडशीच्या कुळातली सफेद मुसळी त्यांनी आणि फर्नांडिस यांनी शास्त्राला नव्याने ओळख करून दिली व मुंबईच्या बोरिवलीवरून तिचे शास्त्रीय नाव ठेवले. पुढे औषधी बाजारात तिच्या मुळांना भाव आला आणि रानोरान ती उपटली गेली. शास्त्रज्ञाने दिलेले नाव पुस्तकात राहील, पण रान मोकळे झाले तर त्या नावाचा उपयोग काय?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तर महाराष्ट्र ‘फुलामुलांचा कवी’ म्हणूनच ओळखतो. ‘वनवासी फूल’ हे त्यांच्या काव्याचे नाव आपल्या घरांत अपरिचित नाही.

या थोर लोकांना रान कोणी दाखवले? पाय त्यांचे असतील, पण वाट गावातल्या माणसाने दाखवली. ‘हे अमुक, याचा उपयोग तमुक’ असे सांगणाऱ्या बायाबापड्यांची नावे ग्रंथांत फारशी आली नाहीत. ही उणीव आपल्या वह्यांत राहू नये. जिने सांगितले तिचे नाव, तिची परवानगी घेऊन, वहीत आधी लिहावे.

८. काढण्याची रीत आणि हक्क

जाणत्या बाया भाजी ओरबाडत नाहीत. पाने खुडतात, मूळ ठेवतात. एका जागची सगळी शेवळे काढत नाहीत. कंद खणला तर वरचा डोळा असलेला तुकडा परत मातीत पुरतात. करटोलीची काही फळे वेलावर पिकू देतात. शेत कापताना कडा सोडाव्यात आणि विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये, असे जे नियमशास्त्र इस्राएलाला शिकवले गेले, त्याचीच ही रानातली रीत आहे. पुढच्या वर्षासाठी आणि दुसऱ्याच्या भुकेसाठी काही राखून ठेवायचे.

कायदाही त्यांच्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हेही सेवेचेच काम आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘रानात एवढे आहे, मग त्यांना मदत कशाला?’ असा अर्थ कोणी काढू नये. पालेभाजीने लोह, चुना आणि जीवनसत्त्वे मिळतात, पण पोट भरण्यास धान्य, डाळ आणि तेल लागते. रानभाजी रेशनच्या जागी येत नाही, ती त्याच्या जोडीला येते.

९. आपण काय करू शकतो?

• वसतिगृहांना मदत करणाऱ्या मंडळींनी पावसाळ्यात आठवड्यातून एक दिवस रानभाजीचे जेवण सुचवावे. भाजी गावातील बायांकडून रास्त भावाने विकत घ्यावी आणि ओळखणारी, शिजवणारी बाईही गावातलीच असावी.

• सुट्टीत घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला एक वही द्यावी : आजीकडून पाच वनस्पती शिकून याव्यात. नाव, जागा, वेळ, उपयोग आणि धोका लिहावा.

• शाळा-वसतिगृहाच्या आवारात फेरी मारून कासविंदा, मोगली एरंड, गुंज, कळलावी कुठे आहेत ते पाहावे, मुलांना दाखवावे आणि मुलांच्या खेळाच्या जागेजवळची काढून टाकावीत.

• विषबाधेचा संशय आला तर मुलाला ओकारी काढायला लावू नये, घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेल्या झाडाची फांदी, शेंग किंवा बी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावी.

• शहरातील मंडळींनी ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास भरणाऱ्या रानभाजी महोत्सवांना जावे. बाजारात बसलेल्या मावशींशी घासाघीस करू नये. ‘ही कशी करायची?’ असे विचारावे. तेथे आपण गिऱ्हाईक आणि विद्यार्थी असतो.

• तारेच्या कुंपणासाठी देणगी मागितली गेली तर निर्गुडी, करवंद, सागरगोटा यांचे जिवंत कुंपण लावता येईल का, हे गावकऱ्यांना विचारावे.

विचार आणि चर्चेसाठी प्रश्न

१. अलीशाच्या गोष्टीतील भाजी आणणाऱ्या माणसात आणि आपल्या सेवाकार्यात कोणते साम्य दिसते?
२. तुमच्या घरापासून शंभर पावलांच्या आत उगवणाऱ्या किती रानझाडांची नावे तुम्हांला सांगता येतात? ती कोणाकडून कळली?
३. टाकळा आणि कासविंदा यांतील तीन फरक सांगा. शक्य असल्यास जाणत्या व्यक्तीबरोबर प्रत्यक्ष जाऊन पाहा.
४. तुमच्या मंडळीने आदिवासी बांधवांकडून आजवर काय शिकले? ते कधी उपासनेत, सभेत किंवा अहवालात बोलून दाखवले का?
५. मुलांना शाळेत आणताना आजीची शाळा कशी टिकवता येईल?

प्रार्थनेचे विषय

• आषाढ-श्रावणात धान्य संपलेल्या घरांसाठी, विशेषतः गरोदर माता आणि लहान मुलांसाठी.
• रानात भाजी आणायला जाणाऱ्या बहिणींसाठी. सर्पदंश, पूर आणि पाय घसरण्यापासून त्यांचे रक्षण व्हावे.
• वसतिगृहांतील मुलामुलींना आपल्या आजी-आजोबांच्या ज्ञानाचा अभिमान वाटावा म्हणून.
• वनहक्काचे दावे प्रलंबित असलेल्या गावांसाठी.
• आपल्यासाठी, की देवाने दिलेले रान आणि त्या रानात राहणारी माणसे या दोघांनाही आपण नावाने ओळखावे.